राग एकावर, वसुली दुसऱ्याकडून

२०२४ चा जून उजाडला होता, पण पावसाचा पत्ता नव्हता. गुन्ह्याच्या आरोपावरून पकडलेल्या अल्पवयीन मुलांना ठेवतात त्या निरीक्षणगृहाच्या फाटकाबाहेर कडुनिंबाच्या तोकड्या सावलीत एक बाई बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत मुलाचा धुऊन घडी घातलेला शर्ट, पारले-जीचे दोन पुडे आणि दुधाच्या रिकाम्या पिशवीत नीट गुंडाळलेले कागद. मी शनिवारी तिथल्या मुलांना वाचायला शिकवायला जाते, हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. मी दिसताच ती उठली आणि जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, तीनशे शब्द म्हणजे किती पानं होतात?" मला आधी कळेचना. मग तिनेच उलगडून सांगितलं. "टीव्हीवर दाखवत व्हते ना, त्या पोराला निबंध लिहायला लावला आन् सोडलं. आमच्या पोराचं अक्षर चांगलं हाय. तीनशे काय, पाचशे लिहील. मग सोडतील का त्याला?"

त्यात टोमणा नव्हता. आदल्याच महिन्यात पुण्यात महागड्या गाडीने दोघांचा जीव घेणाऱ्या अल्पवयीन मुलाला निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला होता. सगळं शहर तेव्हा त्या निबंधावर विनोद करत होतं, आणि ही बाई मात्र तो सरकारी दर समजून चौकशी करत होती; रेशनच्या दुकानात भाव विचारावा तशी. मी जन्मभर मराठी शिकवलं, ‘माझा आवडता ऋतू’ आणि ‘मी पंतप्रधान झालो तर’ यांचे गठ्ठे तपासले. निबंधाकडे एवढ्या आशेने पाहणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं. तिला काय सांगितलं ते आता नीट आठवत नाही. बहुतेक, "तसं नसतं हो" एवढंच.

मग कसं असतं?

तिच्या मुलाची भानगड साधी होती. चार पोरांनी मिळून एक मोटरसायकल पळवली, पेट्रोल संपेपर्यंत फिरवली आणि रस्त्याच्या कडेला टाकून दिली. हा त्यांतला सगळ्यात लहान, आणि पळताना सापडलेला एकटा. बाल न्याय कायद्याचं कलम १२ सांगतं की मुलाला जामीन द्यायचाच. सोडल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्यालाच शारीरिक, मानसिक किंवा नैतिक धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच फसेल, असं दिसत असेल तरच नाकारायचा. कायदा इतका स्वच्छ असूनही पोरगा आत होता, कारण त्याच्या वयाचा कागद नव्हता, बाप कुठल्याशा साखर कारखान्याच्या टोळीबरोबर जायचा तो परतला नव्हता, आणि आईकडे हमीपत्र भरून घ्यायला कुणाला सवड नव्हती. त्या दुधाच्या पिशवीत गावच्या शाळेचा दाखला होता. तो आणायला ती दोन दिवसांची धुणीभांडी बुडवून गेली होती. दाखल्यावर जन्मतारीख होती १ जून.

ज्यांनी खेड्यातल्या शाळेत काम केलंय त्यांना १ जूनची गोष्ट सांगायला नको. पोर शाळेत आलं, आईला विचारलं कधी जन्मलं, तर ती म्हणते पोळ्याच्या आगेमागे, किंवा दुष्काळ पडला त्याच्या पुढल्या साली. गुरुजी त्याच्या उंचीकडे बघतात, पहिलीला बसेल असा हिशेब मांडतात आणि १ जून टाकून मोकळे होतात. महाराष्ट्रातल्या अर्ध्या पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी येतो यावर आपण लग्नकार्यात हसतो. पण अल्पवयीनांची प्रकरणं चालतात त्या बाल न्याय मंडळात वय ठरवताना आधी शाळेचा किंवा दहावीचा कागद बघतात, तो नसला तर महापालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसलं तर हाडांची तपासणी. आणि ती तपासणी वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होतेच. मूल कुठवर म्हणायचं, सोळा की अठरा, यावर संसदेत कितीही घमासान होऊ दे, या पोरांच्या बाबतीत ते वय शेवटी एखाद्या गुरुजींनी उंची बघून ठरवलेलं असतं.

त्या मे महिन्यातलं पुणं आठवा. १९ तारखेच्या पहाटे कल्याणीनगरात पोर्शेने मोटरसायकलवरच्या दोघांना उडवलं. मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेली, पंचविशीच्या आत-बाहेरची इंजिनिअर पोरं. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा. त्याच दिवशी, रविवारी, मंडळाच्या एका सदस्याने जामीन दिला, आणि अटींमध्ये तो तीनशे शब्दांचा निबंध होता. पुण्याचं मतदान होऊन आठवडाही झाला नव्हता, मुंबईचं दुसऱ्या दिवशी होतं. मग काय विचारता! गृहमंत्री पुण्यात येऊन पत्रकार परिषद घेऊन गेले, दिल्लीतल्या विरोधी नेत्याने व्हिडिओ टाकला, आणि अपघात झाला त्याच जागी युवक काँग्रेसने निबंध स्पर्धा भरवली. एक विषय होता, ‘माझा बाप बिल्डर असता तर?’ खोटं कशाला बोलू, मीही हसले. विषय झकास होता. पण त्या स्पर्धेच्या बातमीखालीच एक चौकट होती: अल्पवयीनाचं वय कमी करा, अशी मागणी. हे दोन्ही एकाच रागातून आलेलं होतं, आणि त्यातलं दुसरं मला दिवसेंदिवस जास्त खटकत गेलं.

कारण त्या रात्रीचा हिशेब मांडून बघा. महाराष्ट्रात दारू प्यायचं वय पंचवीस. सतरा वर्षांच्या पोराला पबमध्ये ती मिळाली. गाडीची कायम नोंदणीच झालेली नव्हती, सतराशे अठ्ठावन्न रुपयांचं शुल्क भरायचं राहिलं होतं. दोन-अडीच कोटींच्या गाडीचे सतराशे अठ्ठावन्न रुपये! लायसन नसलेल्या मुलाच्या हातात किल्ली गेली. पुढे ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलले, ड्रायव्हरवर गुन्हा अंगावर घ्यायला दबाव आणला, असे आरोप झाले. डॉक्टर, आईबाप, आजोबा यांना अटक झाली. ते खटले न्यायालयात आहेत, निकाल लागेल तेव्हा लागेल. पण या यादीत मुलाचं वय अठराऐवजी सोळा केल्याने टळली असती अशी एक तरी गोष्ट आहे का? पब मोठ्यांचा, गाडी मोठ्यांची, नमुने हाताळणारे मोठे. मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून कलम १९९अ आहे: अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. कायदा आहे. आपल्या सोसायटीतल्या किती पालकांवर तो लागलेला पाहिलाय? क्लासला अ‍ॅक्टिव्हा घेऊन जाणाऱ्या दहावीतल्या पोरांची रांग मला रोज सकाळी गॅलरीतून दिसते.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

हे पहिल्यांदा घडलं असं मुळीच नाही. १६ डिसेंबर २०१२ च्या, दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या त्या भयंकर रात्रीनंतर सहा आरोपींमधला एक अठराला काही महिने कमी निघाला. त्याला २०१३ च्या ऑगस्टमध्ये तीन वर्षांची, म्हणजे तेव्हाच्या कायद्यातली कमाल, शिक्षा झाली. न्यायमूर्ती वर्मा समितीने त्याआधीच, जानेवारीत, वय कमी करू नका असं सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी वयाला हात लावायला नकार दिला. संसदेच्या स्थायी समितीनेही नव्या विधेयकावर आक्षेप घेतले. मग २० डिसेंबर २०१५ ला तो सुटला, देश पुन्हा पेटला, आणि दोनच दिवसांत राज्यसभेने विधेयक मंजूर केलं. त्या मुलीचे आईवडील वर प्रेक्षकांच्या गॅलरीत बसले होते. त्यांच्याकडे बघून विरोधात बोलायची हिंमत कुणाला व्हावी? मला तरी झाली नसती. पण त्या कायद्याने त्यांना काय दिलं? ज्याच्यासाठी तो आणला त्याला तो लागूच होऊ शकत नव्हता. गुन्ह्यानंतर केलेला कायदा मागे जाऊन लावता येत नाही, हे संविधानातच आहे. तो लागला पुढे येणाऱ्या पोरांना. सोळा ते अठरामधल्या मुलाने ‘घृणास्पद’ गुन्हा केला तर मंडळाने त्याची मानसिक-शारीरिक कुवत, परिणामांची समज यांचं प्राथमिक मूल्यांकन करायचं, आणि वाटलं तर प्रौढ म्हणून खटला चालवायला पाठवायचं. कलम १५.

आणि हेच कलम पुण्यात लागू झालं नाही. त्याची गंमत अशी, की घृणास्पद गुन्हा कुठला, तर ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे तो. सदोष मनुष्यवधाला जास्तीत जास्त दहा वर्षं किंवा जन्मठेप आहे, पण ‘किमान’ काहीच नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे गुन्हे या व्याख्येत बसत नाहीत असा निकाल दिला होता. तो खटला कसला होता? दिल्लीत एका अल्पवयीन मुलाने मर्सिडीजखाली माणूस चिरडला होता, त्याचा. म्हणजे ही वाट आधीच एका महागड्या गाडीने तुडवलेली होती. पुणे पोलिसांनी प्रौढ म्हणून चालवण्याची मागणी केली, मंडळाने ती १५ जुलै २०२५ ला फेटाळली. त्याआधी, २२ मे २०२४ ला लोकांचा आवाज वाढल्यावर जामीन रद्द न करताच मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने २५ जूनला ते बेकायदा ठरवून त्याला सोडायला सांगितलं. ज्यांच्याकडे चांगला वकील आहे त्यांच्यासाठी कायदा अक्षरन् अक्षर वाचला जातो, आणि तो तसाच वाचला जायला हवा. मला राग त्याचा येत नाही. त्याच दिवसांत फाटकाबाहेर बसलेल्या बाईच्या पोरासाठी कलम १२ कुणी वाचलं नाही, याचा येतो.

उद्या वय खाली आणलं तर आत जाणार कोण, हे निरीक्षणगृहात एक दुपार काढली की कळतं. तिथे बाप बिल्डर असलेली पोरं बसलेली नसतात. बांधकामावर सेंट्रिंगच्या प्लेटा उचलणाऱ्याचं पोर असतं, आठवीतून गळालेलं, कोयता हातात घेऊन रील केलं म्हणून आणलेलं. पुण्यात गेली काही वर्षं ‘कोयता गँग’ म्हणून बातम्या येतात, आणि पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये खाली ‘दोन विधिसंघर्षग्रस्त बालक ताब्यात’, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेली दोन अल्पवयीन मुलं, अशी ओळ असते. ती भीती खोटी नाही. पण मोठे भाई लहान पोरांना पुढे करतात कारण लहानांना शिक्षा कमी, म्हणून शिक्षा वाढवा, हा युक्तिवाद ऐकला की मला वाटतं, मग अठराचं सोळा केल्यावर भाई चौदाचं पोर पुढे करणार नाही कशावरून? आणि चौदाचीही मागणी आपल्याकडे झालेली आहेच. २०२२ मध्ये देशभरात अल्पवयीन मुलांनी केल्याचे ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. त्या वर्षी नोंदलेले एकूण गुन्हे ५८ लाखांच्या वर होते. शेकड्याला अर्धा! टीव्ही बघून वाटेल, उरलेले साडेनव्व्याण्णव कुणी केलेच नाहीत.

अमेरिकेने हा प्रयोग आपल्या आधी करून बघितला आहे. तिथे नव्वदच्या दशकात एका प्राध्यापकाने भाकीत केलं की दयामाया नसलेल्या पोरांची लाट येतेय. १९९२ ते ९७ या काळात ४५ राज्यांनी मुलांना प्रौढांच्या न्यायालयात पाठवणं सोपं केलं. लाट काही आली नाही, गुन्हे उलट कमी झाले, आणि भाकीत करणाऱ्यानेही पुढे आपलं चुकल्याचं कबूल केलं. कायदे मात्र राहिले. २००७ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेच्या तज्ज्ञगटाने सगळे अभ्यास एकत्र चाळून सांगितलं की प्रौढ न्यायव्यवस्थेत पाठवलेली मुलं बाहेर आल्यावर जास्त हिंसा करतात, कमी नाही. फिलाडेल्फिया आणि फिनिक्समध्ये १,३५४ मुलांच्या मागे संशोधक सात वर्षं राहिले. ही गंभीर गुन्हे केलेली पोरं होती. त्यातल्या बहुतेकांचे गुन्हे वयाबरोबर आपोआप उतरत गेले, आणि जास्त काळ डांबून ठेवल्याने काही जास्त फायदा झाला नाही. शिकागोचा अभ्यास मला सगळ्यात हलवून गेला. तिथे कुठल्या मुलाचा खटला कडक न्यायाधीशाकडे जाईल आणि कुणाचा मऊ न्यायाधीशाकडे, हे जवळजवळ चिठ्ठी टाकावी तसं ठरत असे. त्यामुळे सारख्याच पोरांची तुलना करता आली. पस्तीस हजारांहून जास्त पोरं. ज्यांना आत टाकलं, त्यांची शाळा पूर्ण होण्याची शक्यता घटली आणि मोठेपणी तुरुंगात जाण्याची वाढली. पोरगं तसंच, गुन्हा तसाच, फरक फक्त टेबलामागच्या माणसाचा.

अमेरिका ती अमेरिका, आपली परिस्थिती वेगळी, असं कुणी म्हणेल. खुशाल म्हणा. मग आपल्याकडे मोजा की! निरीक्षणगृहातून सुटलेलं पोर तीन वर्षांनी कुठे आहे, शाळेत, गॅरेजमध्ये की येरवड्यात, हे जिल्हावार मोजून दरवर्षी जाहीर करायला कुठल्या घटनादुरुस्तीची गरज नाही. या मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळी सुधारशाळा १८५७ पासून आहे, वेगळा बालकायदा १९२४ पासून आहे. शंभर वर्षं काम केलेल्या माणसाकडे किमान वही तरी असावी.

घाईचं काय होतं ते गुरुग्रामने दाखवलंय. २०१७ मध्ये शाळेच्या स्वच्छतागृहात सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. राज्याच्या पोलिसांनी काही तासांत बसच्या कंडक्टरला पकडलं, त्याने गुन्हा कबूल केल्याचंही जाहीर करून टाकलं. लोकांनी दारूचं दुकान जाळलं, टीव्हीवर फाशी देऊन झाली. सीबीआयने तपास हाती घेतला तेव्हा कंडक्टर निर्दोष निघाला आणि अकरावीतला एक मुलगा ताब्यात आला. आता त्याला प्रौढ म्हणून चालवायचं का? तो प्रश्न घासत घासत २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचला. न्यायालयाने सांगितलं की हे मूल्यांकन नाजूक काम आहे, मंडळात मानसशास्त्र जाणणारं कुणी नसेल तर जाणकाराची मदत घ्यायलाच हवी. पाच वर्षं लागली हे ठरायला. तोवर त्या पोराची अकरावी-बारावी, आणि त्या लहानग्याच्या आईबापांची पाच वर्षं, दोन्ही गेली.

आणि हा जाणकार आपल्याकडे असतो कुठे? मी जिथे जाते तिथे समुपदेशक ठरावीक वारी येतो, आला तर. परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याने मुलाच्या घरी जाऊन, शेजारीपाजारी विचारून, शाळेत जाऊन सामाजिक तपासणी अहवाल लिहायचा असतो. सगळ्या कायद्यात मला हाच कागद सगळ्यात शहाणा वाटतो. असा एक अहवाल मला वाचायला मिळाला होता. ‘आर्थिक परिस्थिती: हलाखीची. कौटुंबिक वातावरण: बरे नाही. मित्र: वाईट संगत.’ संपलं. मी दहावीच्या पोराला यावर दहापैकी दोन गुण दिले असते. पण लिहिणाऱ्या माणसाकडे किती तालुके आहेत ते ऐकल्यावर माझा लाल पेन खाली गेला. मंडळावर एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यात एक तरी बाई, असं कायदा सांगतो; तरी न्यायव्यवस्थेचा लेखाजोखा मांडणाऱ्या इंडिया जस्टिस रिपोर्टच्या २०२५ मध्ये आलेल्या अभ्यासात मंडळांपुढची निम्म्याहून जास्त प्रकरणं पडून असल्याचं दिसलं. वय कमी करायला एक दिवसाचं भाषण पुरतं. परिविक्षा अधिकारी नेमायला दर महिन्याला पगार द्यावा लागतो, शिवाय त्याच्या नेमणुकीवर कुणी टाळ्या वाजवत नाही.

हे सगळं मी आमच्या कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला सांगून बघितलं. बिचाऱ्याची रिक्षा गेल्या पावसाळ्यात रात्री तोडलेल्या गाड्यांत होती. पुढची काच, मीटर आणि हूडचं रेक्झिन उभं फाडलेलं. तोडणाऱ्यांत दोघं अल्पवयीन होती, त्यातलं एक पलीकडच्या गल्लीतलंच. त्याच्याशी बोलताना माझे शिकागो-फिलाडेल्फिया फार उपयोगी पडले नाहीत. त्याने सगळं ऐकून घेतलं, तंबाखूची गोळी दाढेत सरकवली आणि म्हणाला, "काकू, त्याला फाशी द्या असं मी कुठं म्हणतोय? पण मला कुणी विचारलं का? पोलीस म्हणाले, तो लहान हाय, घरी गेला. इन्शुरन्सवाला म्हणाला, तुमचं थर्ड पार्टी हाय. माझे आठ दिवस बुडाले त्याचं काय?" त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही. मुलांच्या बाजूने बोलणारे आम्ही, ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे बघतच नाही, आणि मग ती जागा भाषणवाले भरून काढतात. मी त्याला सांगितलं की कायद्यात सोय आहे: मंडळ मुलाला सामुदायिक सेवा करायला लावू शकतं, आईबापाला दंड भरायला सांगू शकतं.

"मग लावा की त्याला," तो म्हणाला. "महिनाभर रोज सकाळी सहाला माझी रिक्षा धुवायला यायचं. समोर आला की बघतो मी त्याच्याकडं. चहा पण पाजीन."

कलम १८ मध्ये हे बसतं. मंडळाने सांगितलेल्या माणसाच्या देखरेखीखाली असं काम देता येतं. मी त्याला अर्ज लिहून देते म्हटलं, तर त्याने विचारलं, कुणाच्या नावाने लिहायचा, आणि तो मुलगा सध्या आहे कुठे. चौकीत गेलो. तिथल्या हवालदारांना ते प्रकरण आठवत होतं, पण मंडळापुढे पुढची तारीख कधीची आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं.